पहिलीच्या वर्गात किती भाषा, किती घाई?

16 एप्रिल 2025 रोजी राज्य सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. 17 जूनच्या सुधारित निर्णयात हिंदी 'सर्वसाधारणपणे' असेल असे म्हटले गेले आणि वर्गातल्या किमान 20 मुलांनी मागणी केल्यास दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा मिळाली. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन सरकारने डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा झेपतात का, यावर त्या अडीच महिन्यांत सबंध महाराष्ट्र हिरिरीने बोलला.

कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनी-अक्कलकोटच्या पट्ट्यात मात्र हा प्रश्न जुनाच आहे. इथे कन्नड माध्यमाच्या शाळेत जाणारे मूल पहिलीपासून कन्नड शिकते, इंग्रजी शिकते आणि मराठीही शिकते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. मराठी सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली ती 2020 च्या कायद्याने, आणि त्याची सुरुवात पहिली व सहावीच्या वर्गांपासून झाली. म्हणजे इतर ठिकाणी ज्या ओझ्यावरून वाद पेटला, ते ओझे सीमेवरची मुले आधीपासून उचलत आहेत आणि त्यांच्या पालकांना त्याबद्दल फारसे कोणी विचारलेले नाही. या वयात मुलांनी काय शिकावे, हा प्रश्न म्हणूनच दुधनीतून पाहण्यासारखा आहे. इथे त्याचे सगळे कंगोरे एका वर्गात दिसतात.

दुधनी हे सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचे, तूर-मूग-उडदाच्या बाजाराचे गाव. बाजार समितीच्या आवारात भाव ठरतो तो बहुधा कन्नडमध्ये, सरकारी कागद येतो तो मराठीत, आणि खताच्या पोत्यावरची किंवा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे बहुतेक इंग्रजीत. या तिन्हींतून ज्याला रोज वाट काढावी लागते, तो बाप मुलाला तिन्ही भाषा लवकरात लवकर याव्यात असे म्हणत असेल, तर ते त्याच्या अनुभवाचे बोल आहेत. त्याला बालमानसशास्त्र समजत नाही, असे म्हणून तो विषय मिटवता येणार नाही.

इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या पालकांची बाजू आधी घ्यायला हवी, कारण तिला सर्वांत कमी न्याय मिळतो. 'इंग्रजीचे खूळ' म्हणून ती झटकून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. पण या पालकांचे म्हणणे साधे आहे. ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तके आहेत, शिकवणी लावण्याची ऐपत आहे, त्यांच्या मुलांना शाळेने इंग्रजी तिसरीत सुरू केली काय आणि पाचवीत सुरू केली काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो शेतमजुराच्या, हमालाच्या, छोट्या दुकानदाराच्या मुलाला, कारण त्याला शाळेबाहेर इंग्रजी कुठे भेटतच नाही. उशिराचा भुर्दंड सगळ्यांना सारखा बसत नाही. खासगी शाळेतला शेजारचा मुलगा पहिलीच्या दिवाळीपर्यंत इंग्रजी मुळाक्षरे लिहू लागला, की जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलेल्या मुलीच्या आईला आपण चुकलो की काय असे वाटते. त्या वाटण्यात मत्सर कमी आणि धास्ती जास्त असते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी सेमी इंग्रजीची वाट धरली ती याच धास्तीने. मुले खासगी शाळांकडे निघाली, तर पट घसरतो आणि पट घसरला की शिक्षकाची जागाच जाते.

कायद्यानेही या पालकांना बळ दिले आहे. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांत मातृभाषेचे माध्यम सक्तीचे करू पाहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 मे 2014 रोजी ते अमान्य केले. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, आणि प्राथमिक शाळेत कोणत्या माध्यमातून शिकायचे ही निवडही सरकारला लादता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकाल कर्नाटकाच्या प्रकरणातला असला, तरी तो देशभर लागू आहे.

दुसऱ्या बाजूला, लवकर सुरू करणे आणि लवकर येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर वहीत दिसत नाही. दुसरीतल्या मुलाची चार रेघी वही उघडून पाहा. फळ्यावरून उतरवलेली इंग्रजी वाक्ये सुबक असतात, अक्षर रेघेला धरून असते, खाली शिक्षकाची लाल सही असते. आता त्याच वाक्यातला एक शब्द बोटाखाली झाकून बाकीचे वाचायला सांगा. बरीच मुले चित्राकडे पाहतात, मग आपल्याकडे पाहतात. त्यांनी वाक्य लिहिलेले नसते, त्याची आकृती काढलेली असते. मूल हुशार असते आणि शिक्षकानेही मेहनत घेतलेली असते. मात्र तीन लिप्या एकाच वर्षी हाताला लावल्या, की हात चालतो आणि अर्थ मागे राहतो. कन्नडची गोलाई, देवनागरीची शिरोरेषा, इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरे, हे सगळे सहाव्या वर्षी एकदम.

हे फक्त दुधनीचे नाही, आणि फक्त इंग्रजीचेही नाही. 'असर'च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि तोही त्यांच्या शाळेच्या भाषेत. हा आकडा 2022 पेक्षा बरा आहे, तरी चारपैकी तीन मुलांना तिसरीत पोचूनही दुसरीचा मजकूर वाचता येत नाही हे सत्य उरतेच. ज्या मुलाला एकही भाषा वाचता येत नाही, त्याच्यापुढे दुसरी आणि तिसरी ठेवताना आपण नेमके काय वाढवत आहोत, हा प्रश्न शिक्षकांनी विचारला तर तो कामचुकारपणा ठरत नाही. केंद्राने 5 जुलै 2021 रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' मोहिमेची अपेक्षाही तशी माफकच आहे: दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत आणि 999 पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. सगळी मुले एवढे गाठू शकली, तरी पुढची वाट बरीच सोपी होईल.

घरची भाषा आधी, या मताच्या पालकांना घटनेचा आधार आहे. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय देण्यास राज्याला सांगतो. शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हणतो. बालभारती कन्नड पाठ्यपुस्तके काढते ती याच जबाबदारीतून. आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते, त्याच भाषेत पुस्तक बोलले की मूल पुस्तकावर विश्वास टाकते, हे ज्याने पहिलीचा वर्ग पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

तथापि याच गावातले दुसरे कन्नडभाषक पालक मुलाला जाणूनबुजून मराठी शाळेत घालतात, आणि त्यांचे म्हणणेही वजनदार आहे. पोलीस भरतीचा लेखी पेपर मराठीत असतो. तहसीलचा अर्ज मराठीत असतो. दहावीनंतर सोलापूरला किंवा पुण्याला गेलेल्या मुलाने मराठीत अडखळायचे, आणि कलबुर्गीकडे गेला तर महाराष्ट्राचा रहिवासी म्हणून बाहेरचा ठरायचे, ही कोंडी त्यांनी आपल्या भावंडांत पाहिलेली असते. कन्नड घरात आपोआप येईल, शाळेने मराठी द्यावी, असे त्यांना वाटते. घरची भाषा घरात टिकते हे अर्धेच खरे आहे, कारण बोलणे टिकते आणि वाचणे-लिहिणे सुटते. पण कुणी काय गमवायला तयार व्हावे, हे बाहेरच्या माणसाने सांगण्यालाही मर्यादा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. या तालुक्यात शाळेच्या माध्यमाचा विषय निघाला, की सीमाप्रश्न पाठोपाठ येतो. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात अक्कलकोट तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली होती. 2022 च्या अखेरीस रस्ते-पाण्याच्या गाऱ्हाण्यांवरून तालुक्यातल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा तो सगळा जुना वाद पुन्हा जागा झाला. मोठ्यांनी हा वाद न्यायालयात आणि विधिमंडळात जरूर लढावा. पण कन्नड अंकलिपी हातात असलेले मूल कमी महाराष्ट्रीय नाही आणि मराठी बाराखडी गिरवणारे मूल घराण्याशी बेइमान नाही. हे दोन्ही बाजूंना मान्य असल्याशिवाय पहिलीच्या अभ्यासावर सरळ बोलणेच होणार नाही.

भाषेच्या गलबल्यात गणित बाजूला पडते, म्हणून त्याकडे वळू. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' अशी संख्यावाचनाची रीत आली आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते, की मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो, त्यामुळे लहान मुले 27 च्या जागी 72 लिहितात. विरोध करणाऱ्यांना ही भाषेची मोडतोड वाटली. दोन्हींत तथ्य होते. जोडशब्दांची संख्यानामे हा मराठीचा ठेवा आहे आणि तो सोडायचे कारण नाही. मात्र कन्नडमध्ये मुळात दशक आधी बोलला जातो. दुधनीतले कन्नडभाषक मूल मराठी शाळेत आले, की त्याला घरात एका क्रमाने आणि वर्गात उलट क्रमाने मोजावे लागते. त्याच्यासाठी 'वीस सात' ही ओळखीची पायरी होती. मुंबईत बसून वाद घालणाऱ्या फार थोड्या लोकांच्या हे ध्यानात आले असेल.

पाढ्यांबद्दल आजोबांची पिढी आग्रही असते. तिसरीतल्या नातवाला सात साते विचारले आणि तो बोटे मोजू लागला, की त्यांचा शाळेवरचा विश्वास उडतो. नव्या पद्धतीच्या शिक्षकांना पाठांतराची ॲलर्जी असते आणि आधी समूह, मांडणी, वस्तू यांतून गुणाकार कळावा असे ते म्हणतात. या भांडणात आमचा कौल निम्मा-निम्मा नाही. समज आधी, हे शिक्षकांचे खरे. पण समजल्यावर पाठ केलेच पाहिजे, हे आजोबांचे तितकेच खरे, आणि हा दुसरा भाग शाळा अलीकडे सोडून देतात. पाठ असलेला पाढा पुढच्या गणितासाठी डोके मोकळे ठेवतो. तुरीच्या पोत्यांचा हिशोब कागदाशिवाय करणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

खेळ, गाणी, चित्रे, गप्पा यांवर पहिलीत वेळ घालवावा, हे म्हटले की अनेक पालकांना ते शहरी, पैसेवाल्यांचे चोचले वाटतात. महाराष्ट्राचा इतिहास मात्र उलट सांगतो. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघांच्या साथीने ते आदिवासी मुलांत रुजले. तिथे महागडी साधने नव्हती. दगड, बिया, शिंपले, पाने, अंगण आणि मुलांची बोली यांवर ते उभे होते. त्यामुळे खेळातून शिकणे गरिबाच्या मुलाला परवडत नाही हे म्हणणे टिकत नाही. तरीही पालकांच्या शंकेत एक खरा काटा आहे. खेळातून शिकवणे हे फार तयारीचे काम आहे. तयारी नसलेल्या वर्गात त्याचे नुसते मोकळे सोडणे होते. ज्या पालकाने असा मोकळा सोडलेला वर्ग पाहिला, त्याने गृहपाठ मागितला तर त्याला दोष कसा द्यावा? केंद्राने 2018 मध्ये पहिली-दुसरीला गृहपाठ नको आणि दप्तर दीड किलोपेक्षा जड नको असे सांगितले. ते योग्यच आहे. पण गृहपाठ ही अनेक आईबापांसाठी शाळेत काय चालले आहे हे पाहायची एकमेव खिडकी होती, आणि ती बंद करताना दुसरी उघडली गेली नाही.

मागण्या वाढतच आहेत. जून 2025 मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षणाचा विचार बोलून दाखवला. शेती हवी, संगणक हवा, संस्कार हवेत, आणि शिष्यवृत्ती व नवोदयची तयारीही हवी. पोखरापूरच्या नवोदयमध्ये मुलगी लागावी हे स्वप्न अक्कलकोट तालुक्यात अनेक घरांत आहे, आणि ते चांगले स्वप्न आहे. प्रत्येक मागणीमागे कुणाची तरी खरी काळजी आहे. दिवसाचे तास मात्र तेवढेच आहेत.

अशा वेळी जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेली यादी आठवते. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे असावेत, असे त्यांनी सुचवले. दोन लिप्या त्यांनीही मागितल्या. कारण व्यवहार मोडीत चाले, आणि ज्याला मोडी वाचता येत नसे त्याला कागदावर सहज फसवता येई. आज त्या जागी इंग्रजी आहे असे एखाद्या पालकाने म्हटले, तर फुल्यांचे नाव घेऊन त्याला गप्प करता येणार नाही. मात्र ती यादी सबंध प्राथमिक शिक्षणाची होती. ती पहिल्या इयत्तेच्या पहिल्या सत्रात कोंबायची, असे तिचे रूप नव्हते.

हे सगळे तोलून पाहिल्यावर आम्हाला असे वाटते, की पहिल्या दोन वर्षांत मुलाने लिहा-वाचायला एकच लिपी शिकावी. ती पालकांनी निवडलेल्या माध्यमाची असावी, मग ती कन्नड असो, मराठी असो वा उर्दू. उरलेल्या भाषा पहिल्या दिवसापासून असाव्यात, पण कानाने आणि तोंडाने: गोष्टी, गाणी, सूचना, नावे, खेळ. दुसरीच्या अखेरीस, पहिली लिपी सफाईने वाचता येऊ लागल्यावर, दुसरी लिपी यावी आणि तिसरी त्यानंतर. याने इंग्रजी मागू पाहणाऱ्या पालकांचे म्हणणे डावलले जात नाही. इंग्रजी कानावर पहिल्या दिवशीच पडते, फक्त चार रेघी वही थांबते. मराठी शिकवणे कायद्याने सक्तीचे आहे आणि ते असावे. ती पहिल्या महिन्यापासून लिहूनच शिकवायची का, हा शिकवण्याच्या रीतीचा प्रश्न आहे.

या मताची किंमतही आहे. बोलकी इंग्रजी शिकवायला ती बोलणारा शिक्षक लागतो, आणि फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिणे हे वर्गात इंग्रजी बोलण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. कन्नड शाळेत बोलकी मराठी हवी तर शिक्षकाची मराठी मोकळी हवी. प्रशिक्षण आणि ध्वनिफितींनी थोडी भरपाई होईल, पूर्ण होणार नाही. दुसरी किंमत पालकांच्या धीराची. दोन वर्षे वहीत इंग्रजी दिसली नाही, तर काही जण दाखला काढून नेतील, आणि त्यांना थांबवायला कोरडे आश्वासन पुरणार नाही.

म्हणून पालकांकडून धीर मागायचा तर शाळेने पुरावा द्यायला हवा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असे सांगितले आहे. ही समिती बहुतेक ठिकाणी पोषण आहार आणि इमारत दुरुस्ती यांपलीकडे जात नाही. तिने दर सत्राअखेर पालकांना वर्गात बोलवावे, आणि प्रत्येक मुलाने त्याने कधी न पाहिलेल्या पानावरचा एक उतारा आईबापांसमोर वाचावा. पाठ केलेला धडा नको. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही आपले मूल अडखळते आहे की वाचते आहे हे ऐकून कळते. ज्या शाळेला हे दाखवता येणार नाही, तिला इंग्रजीसाठी थांबा असे सांगण्याचा अधिकार उरत नाही.

एक अडचण या सगळ्यातूनही सुटत नाही. दुसरीच्या मध्यावर बाप पुण्याला कामाला जातो आणि कन्नड शाळेतले मूल तिथल्या मराठी शाळेत बसते. आमच्या व्यवस्थेत त्याला मराठी बोलता येईल, पण देवनागरी वाचता येणार नाही, आणि वर्गातली बाकीची मुले दीड वर्ष पुढे असतील. सध्याच्या तीन लिप्यांच्या रीतीत त्याला निदान अक्षरे तरी ओळखीची असती. हा तोटा खरा आहे आणि तो सर्वांत कमी साधने असलेल्या घराला बसतो. अशा मुलासाठी नव्या शाळेने पहिले तीन महिने रोज तासभर वेगळे शिकवावे आणि त्याची नोंद दाखल्याबरोबरच तिकडे जावी, एवढे तरी जिल्हा परिषदांनी आपसात ठरवायला हवे. पुण्यातल्या शिक्षकाला त्या मुलाच्या दाखल्यावर 'कन्नड माध्यम' एवढेच दोन शब्द दिसतात. त्याला काय येते, हे त्यावर कुठेच लिहिलेले नसते.